बी.एड.च्या वर्गातून परदेशातल्या वर्गाशी: ऑनलाइन देवाणघेवाणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. आणि डी.एल.एड.ला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून, कधी थेट छात्राध्यापकांकडून, फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि कार्यशाळेतल्या चहाच्या सुट्टीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका साध्या अध्यापक महाविद्यालयात हे काम करताना सुचलेली आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑनलाइन आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय? आम्ही परदेशी प्राध्यापकांचं झूमवर व्याख्यान ठेवलं होतं, ते यातच धरायचं ना?

नाही धरायचं. व्याख्यानात एक जण बोलतो आणि शंभर जण माइक बंद ठेवून ऐकतात. त्यातल्या काहींचा कॅमेराही बंद असतो आणि कॅमेऱ्यामागे माणूसही नसतो. देवाणघेवाणीत दोन देशांतल्या दोन वर्गांचे विद्यार्थी छोट्या मिश्र गटांत काही आठवडे एकत्र काम करतात. दोन्हीकडचे प्राध्यापक ते काम आधी मिळून आखतात आणि दर आठवड्याला आपापल्या वर्गात त्यावर चर्चा घेतात. ही शेवटची चर्चा बहुतेक ठिकाणी गळते आणि मग उरतं ते फक्त ‘हॅलो, हाय’.

व्हर्च्युअल एक्स्चेंज, टेलिकोलॅबोरेशन, कॉइल ही सगळी थोड्याफार फरकाने याचीच नावं. कॉइल हे नाव न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाकडून आलं. तिथे यासाठी २००६ मध्ये वेगळं केंद्र सुरू झालं. युरोपातल्या शाळांसाठी ई-ट्विनिंग २००५ पासून आहे आणि न्यूयॉर्क-मॉस्कोच्या शाळा जोडून सुरू झालेलं आयअर्न १९८८ पासून. कल्पना मात्र त्याहून जुनी. फ्रान्समधले प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने १९२० च्या दशकात आपल्या डोंगरातल्या शाळेतल्या मुलांनी स्वतः छापलेले मजकूर ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेला टपालाने पाठवायचे आणि तिथून उत्तरं यायची. तेव्हा इंटरनेटचं काम पोस्टमन करायचा.

२. शिक्षक व्हायला निघालेल्यांना याचा उपयोग काय? ‘जागतिक दृष्टिकोन’ वगैरे सोडून सांगा.

एक प्रसंगच सांगतो. आमच्या एका छात्राध्यापिकेने फ्रान्समधल्या गटासाठी आपल्या सराव शाळेच्या परिपाठाचं वर्णन तयार केलं: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, शेवटी पसायदान. तिच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतं, कारण पहिलीपासून ती हेच करत आली होती. पलीकडून पहिला प्रश्न आला, “सरकारी शाळेत प्रार्थना कशी काय?” तिने उत्तर दिलं, ती धर्माची नाही, संस्काराची आहे. मग ‘संस्कार’ म्हणजे काय? शब्दकोशात दोन-तीन इंग्रजी शब्द सापडले, पण एकही पुरेना. गटातले आमचे तिघं दोन दिवस त्या एका शब्दावर अडून बसले. शेवटी त्यांनी शब्दाऐवजी घरातली तीन उदाहरणं लिहून पाठवली.

नंतर तिकडच्यांनी त्यांच्या देशातला २००४ चा कायदा सांगितला. सरकारी शाळेत धर्माचं ठळक चिन्ह अंगावर घालून यायला त्याने मनाई केली आहे. आमच्या मुलीने शांतपणे विचारलं, “मग स्कार्फ घालून आलेल्या मुलीला दारात अडवायचं काम कोणाचं? तुमचं?” आता गप्प बसायची पाळी त्यांची होती.

मला विचाराल तर उपयोग हाच. फ्रान्सची माहिती पुस्तकातही मिळते. पण आपल्या वर्गात जे गृहीत धरलेलं असतं ते दुसऱ्या होऊ घातलेल्या शिक्षकाला समजावून सांगायची वेळ एरवी बी.एड.च्या दोन वर्षांत एकदाही येत नाही.

यावर मोठा अभ्यासही झाला आहे. युरोपात २०१७ ते २०१९ या काळात स्पेनच्या लेऑन विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘इव्हॅल्युएट’ प्रकल्प चालला. त्यात अशा २५ देवाणघेवाणी आणि हजाराहून अधिक छात्राध्यापक होते. डिजिटल साधनं वापरून शिकवण्याची तयारी, वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी वागण्याची क्षमता आणि परकी भाषा, अशा तीन अंगांनी त्यांचा परिणाम तपासला गेला. शिक्षक-प्रशिक्षणाच्या धोरणासाठी हे पुरावे गोळा करायचे होते. म्हणजे ही हौसेची गोष्ट आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना एवढं सांगता येईल.

३. आमचे विद्यार्थी उद्या तालुक्याच्या शाळेत शिकवणार. त्यांना पोलंडचं काय करायचं?

प्रश्नातला टोमणा कळला. त्याचं उत्तरही पोलंडमध्येच आहे. फेब्रुवारी २०२२ नंतर तिथल्या शाळांत युक्रेनमधून आलेली मुलं बसायला लागली. भाषा वेगळी, मागची शाळा अर्धवट सुटलेली आणि किती दिवस राहणार ते कोणालाच माहीत नाही. आमच्या गटांनी तिथल्या छात्राध्यापकांना ऊसतोड मजुरांच्या मुलांबद्दल सांगितलं. दिवाळीनंतर बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमधून कारखान्याच्या पट्ट्यात जाणारी, अर्धं वर्ष दुसऱ्या गावात काढणारी, गावी हंगामी वसतिगृह असेल तर आजीजवळ मागे राहणारी मुलं. युद्ध आणि ऊसतोड यांची तुलना होत नाही, पण मधेच वर्गात आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कुठे बसवायचं, कोणाशेजारी बसवायचं आणि काय विचारायचं नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. त्या गटाने ‘पहिला दिवस’ या नावाची दोन पानी टाचणवजा सूचना तयार केली. आमच्या एका विद्यार्थ्याने ती आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाच्या काळात, खरोखर वापरली.

आणि गावातल्या शाळेचा जगाशी संबंध नसतो असं तरी कोणी म्हणावं? २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होते. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावाच्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन जोडण्याचा त्यांचा उपक्रम गाजला. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली.

४. परदेशी जोडीदार शोधायचा कुठे?

आधी कुठे शोधू नये ते सांगतो. ई-ट्विनिंग युरोप आणि आसपासच्या देशांसाठी आहे, भारत त्यात नाही. तिथे खातं उघडायच्या खटपटीत आठवडा घालवू नका.

विद्यापीठ पातळीवर युनिकोलॅबोरेशन ही संघटना आहे, कॉइलवाल्यांची जाळी आहेत. शाळेच्या मुलांनाही सामील करायचं असेल तर आयअर्न बघा. पण खरं सांगायचं तर माझे निम्मे जोडीदार ओळखीतून मिळाले: एका परिषदेत भेटलेल्या बाई, आमची एक माजी विद्यार्थिनी जी नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत गेली आणि तिथे शाळेत लागली, परदेशातल्या मराठी मंडळाच्या शनिवारच्या शाळेत शिकवणारे एक गृहस्थ.

मॉरिशसकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. तिथे शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. मराठी घरात कमी बोलली जाते पण शाळेत शिकवली जाते, अशा मुलांना शिकवणाऱ्यांशी आपल्या मराठी अध्यापन पद्धतीच्या विद्यार्थ्यांची गाठ घालून बघा. वेळेचा फरकही दीडच तासाचा.

पहिल्या ईमेलमध्ये महाविद्यालयाचा इतिहास, नॅकने मूल्यांकनात दिलेली श्रेणी आणि संस्थापकांचं चरित्र घालू नका. आकडे घाला: किती विद्यार्थी, कोणते आठवडे, आठवड्याला किती तास, कोणता विषय, इंग्रजीची पातळी काय. “बत्तीस विद्यार्थी, फेब्रुवारीच्या मध्यापासून सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, विषय बहुभाषिक वर्ग” एवढ्या एका ओळीवर मला चार दिवसांत होकार आला होता. त्याआधीच्या दीड पानी पत्राला अजून उत्तर यायचं आहे.

५. कोणते महिने आणि दिवसातली कोणती वेळ धरावी?

दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. आपल्याकडे सीईटीच्या प्रवेश फेऱ्या लांबतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचं पहिलं सत्र भरवशाचं नाही. दुसऱ्या वर्षी मोठी आंतरवासिता येते (प्रश्न १३). म्हणून मी पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र पकडतो. फेब्रुवारी-मार्च स्पेन आणि पोलंडला जमतं. जर्मनीची उन्हाळी सत्राची व्याख्यानं एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे परीक्षेचे वारे वाहत असतात. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे सुट्टी असते. जपानशी ऑक्टोबर-डिसेंबरच बरं, मधली दिवाळी वगळून.

वेळेचं म्हणाल तर युरोपच्या मध्य भागाशी हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं. हे आधी वहीत लिहून ठेवा. एका वर्षी मार्चअखेरच्या सोमवारी आमचे सगळे गट तासभर उशिरा हजर झाले आणि तिकडचे वाट पाहून निघून गेले. चूक माझी होती.

आणखी एक गोष्ट, जी वेळापत्रकात दिसत नाही. बी.एड.च्या आपल्या अनेक विद्यार्थिनी लग्न झालेल्या आहेत. संध्याकाळी साडेसहा-सातची भेट म्हणजे कुकर, मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंचा प्रश्न. ‘घरून जोडू’ म्हणणारी मुलगी तीन भेटींनंतर गळते आणि आपण म्हणतो तिला रस नाही. पोलंडमध्ये सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी अडीच. भेट महाविद्यालयाच्या वेळेत, तासिका म्हणून ठेवा. न्यूयॉर्कशी हे जमणं अवघड, कारण तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा. तिथे आपापल्या वेळेत करायचं लेखी काम जास्त ठेवायचं आणि थेट भेट दोनदाच.

६. सहा आठवड्यांत करून काय घ्यायचं?

या क्षेत्रात तीन टप्प्यांची एक रूढ बांधणी आहे: आधी माहितीची देवाणघेवाण, मग तुलना, मग मिळून काहीतरी तयार करणं. मी तीच वापरतो, फक्त पहिला टप्पा आखूड करतो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. ‘माझं नाव, माझे छंद’ नको. ‘मी ज्या शाळेत शिकलो त्या वर्गातली एक वस्तू’ असा विषय द्या. आमच्याकडून पाटी आली, घंटा म्हणून वाजवायचा रुळाचा तुकडा आला, खिचडीची थाळी आली. जपानकडून बुटांचं कपाट आणि फरशी पुसायचं फडकं आलं, कारण तिथे वर्ग मुलंच साफ करतात. थाळी आणि फडकं यांवरून पुढच्या तासाभराचं संभाषण आपोआप सुटलं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुलना. एकाच वर्गप्रसंगावर दोघांनी स्वतंत्रपणे लिहायचं आणि मग एकमेकांचं वाचायचं: मुलगा तिसऱ्यांदा गृहपाठ न करता आला, तुम्ही काय कराल? पालकाने तुमच्या घरी भाजी आणून दिली, घ्याल का? चौथ्या ते सहाव्या आठवड्यात गटाने एक पाठ मिळून बेतायचा आणि शक्य असेल तर दोन्हीकडच्या वर्गांत घ्यायचा. एकच पाठ दोन ठिकाणी वेगळा का वठला, यावरचं बोलणं हा सगळ्यात कसदार भाग. घाई झाली तर पहिला टप्पा कापा, हा कापू नका.

७. आमच्या मुलांना इंग्रजी बोलायला जमत नाही. मग हे फक्त इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांसाठीच का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

पहिलं म्हणजे पलीकडचेही इंग्रजीत अडखळतात. पोलंड, स्पेन, जपान, तुर्कस्तान यांच्यापैकी कोणाचीही ती मातृभाषा नाही. आमची मुलं पहिल्या भेटीत अर्धा तास दडपून बसतात आणि मग कुणीतरी तिकडून क्रियापद चुकवतं. वर्गात जो सुस्कारा सुटतो तो ऐकण्यासारखा असतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेचा जोडीदार सुरुवातीला नकोच, असं माझं मत आहे.

दुसरं, सगळं इंग्रजीत असायला हवं असा नियम कोणी केला? अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ‘कल्चुरा’ प्रकल्पात अमेरिकी विद्यार्थी इंग्रजीत लिहायचे आणि फ्रेंच विद्यार्थी फ्रेंचमध्ये. दोघांना एकच शब्द द्यायचे आणि मनात पहिलं येईल ते मातृभाषेत लिहायला सांगायचं. हे आम्ही ‘शिस्त’ या शब्दावर केलं. आमच्याकडून आलं: रांग, छडी, गणवेश, वडील, एन.सी.सी., भीती, यश. स्पेनकडून आलेल्या यादीत शांतता होती, नियम होते, सवय होती, कंटाळाही होता, पण वडील नव्हते. दोन्ही याद्या शेजारी लावून मराठीत चर्चा घेतली. ती तासिका संपली तरी मुलं उठेनात. इंग्रजी लागलं फक्त याद्या भाषांतरित करायला आणि ते काम गटाने मिळून केलं.

बोलण्यासाठी तयारी मराठीतून करून घ्या. पुढच्या भेटीत काय विचारायचं ते आधी मराठीत ठरवायचं, मग त्याचं सोपं इंग्रजी. ‘कळलं नाही, पुन्हा सांगाल का’, ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का’ आणि ‘मला विचार करायला एक मिनिट द्या’ ही तीन वाक्यं पाठच करून घ्या. त्यांतलं तिसरं सर्वात उपयोगी पडतं.

८. भाषांतराला एआय आणि गुगल वापरू द्यावं का?

वाचायला, जरूर. लिहायला, आधी स्वतःच्या शब्दांत मांडल्यावर. चिंतन नोंदीत (प्रश्न १०) मुळीच नाही, कारण ती मराठीतच लिहायची आहे आणि तिथे दुसऱ्याचे शब्द आले की सगळंच वाया गेलं.

यंत्राने आपल्या धंद्यातल्या शब्दांची केलेली गंमत मुलांना मुद्दाम दाखवतो. एकदा ‘पाठ टाचण’चं, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याचं, भाषांतर पलीकडे माणसाची पाठ आणि पायाची टाच म्हणून पोचलं. “तुम्ही पाठ आणि टाच रोज तपासून घेता का?” असा काळजीचा प्रश्न आला. तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात गट आपापला छोटा शब्दकोश करतो: टाचण, सराव पाठ, परिपाठ, केंद्रप्रमुख, पोषण आहार.

९. इंटरनेट आणि साधनांचं काय? संगणक कक्षात दहाच संगणक चालतात.

मोबाइल पुरतो. चौघांत एक चांगला फोन, एका फोनला जास्त इयरफोन लावायची पिन आणि शांत खोली. झूमची फुकटातली भेट चाळीस मिनिटांत तुटते, ते बरंच आहे, कारण त्याहून लांब भेट रेंगाळते. गप्पांसाठी आपल्याला व्हॉट्सॲपची सवय असली तरी जपानमध्ये ‘लाइन’ हे ॲप चालतं. कोणतं ॲप ते दोन्हीकडच्यांनी ठरवावं, विद्यार्थ्यांवर नवीन चार ॲप लादू नयेत. लाइट गेली तर काय, हे जोडीदाराला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. त्यांच्याकडे ती सहसा जात नाही, आणि गट अचानक अंधारात गेला की त्यांना वाटतं आपण रागावलो.

१०. अभ्यासक्रमात हे कुठे बसवायचं आणि गुण कसे द्यायचे?

एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक-शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या विनियमांनंतर दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये व्यावसायिक क्षमता वाढवणारे जे छोटे अभ्यासक्रम आले, त्यांतल्या आयसीटीच्या किंवा ‘स्वचा शोध’ या विषयाच्या प्रात्यक्षिकात हे सरळ बसतं. आपल्या विद्यापीठाने दिलेल्या अंतर्गत गुणांची चौकट बघा आणि एखाद्या प्रात्यक्षिकाच्या जागी हे ठेवा. वर आणखी एक काम म्हणून लादलं की मुलं कंटाळतात, आणि त्यांची चूक नसते.

गुण इंग्रजीला नाहीत, व्हिडिओच्या सजावटीला नाहीत. मी निम्मे गुण चिंतन नोंदीला देतो. प्रत्येक आठवड्याला एक पान मराठीत: या आठवड्यात कुठे थबकलात? तुम्हाला काय वाटलं होतं आणि निघालं काय? ‘खूप छान अनुभव आला, नवीन संस्कृती समजली’ अशी नोंद आली की परत देतो.

थबकणं म्हणजे काय याचा नमुना देतो. एका गटातला जर्मन मुलगा म्हणाला की सराव पाठासाठी त्याला १ मिळाला. आमच्या मुलाने मनापासून धीर दिला, “हरकत नाही, पुढच्या वेळी चांगला होईल.” जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. पोलंडमध्ये नेमकं उलटं, तिथे ६ सर्वोच्च. मुलाने त्या आठवड्याच्या नोंदीत लिहिलं, “मी आकडा ऐकला आणि विचारायचं सोडून सांत्वन केलं. वर्गातही मी असंच करत असेन.” त्या पानाला मी पैकीच्या पैकी दिले.

११. परवानगी कोणाची लागते? सामंजस्य करार हवाच का?

परदेशी संस्थेबरोबर ट्विनिंग, संयुक्त किंवा दुहेरी पदवी द्यायची असेल तर यूजीसीचे २०२२ चे विनियम लागू होतात. आपल्याच अभ्यासक्रमातलं सहा आठवड्यांचं प्रात्यक्षिक त्यात येत नाही. तरी प्राचार्यांची लेखी संमती आणि विभागाच्या सभेचा ठराव हवाच. शासकीय महाविद्यालय असेल तर वरिष्ठ कार्यालयाला आधी कळवा. काही देशांच्या बाबतीत वरून प्रश्न येऊ शकतात, आणि ते काम सुरू झाल्यावर आले तर विद्यार्थी अधांतरी राहतात.

करार पहिल्या वर्षी नको. सह्यांचा समारंभ होतो, फोटो निघतो आणि दोन्ही बाजूंना वाटतं काम झालं. आधी एकदा करून बघा.

१२. शाळेतल्या मुलांचे फोटो किंवा पाठाचा व्हिडिओ जोडीदारांना दाखवला तर चालेल का?

सरसकट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. युरोपातला जोडीदार याबाबत आपल्याहून कडक असतो, कारण तिथे जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे. ‘मुख्याध्यापक ओळखीचे आहेत, काही होत नाही’ हे उत्तर तिकडे ऐकवू नका.

आम्ही मुलांचे चेहरे घेतच नाही. फळा, वही, मांडणी, शिक्षकाचा आवाज, मुलांनी काढलेली चित्रं नाव झाकून. यात आपला एक फायदाही होतो. चेहरा नसला की गरीब-गोंडस मुलांचे फोटो पाहून ‘किती गोड’ म्हणण्यात वेळ जात नाही, पाठाबद्दल बोलावं लागतं.

१३. आंतरवासितेच्या काळात घेता येईल का? मुलं तर शाळेत असतात.

दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे विद्यार्थी शाळेत असतात आणि तिथे ९० टक्के हजेरी लागते. त्यात थेट भेटी घुसवू नका. पण आपापल्या वेळेत करायचं काम याच काळात उत्तम होतं, कारण रोज काहीतरी घडत असतं. आठवड्याला एक प्रसंग लिहायचा आणि पलीकडच्याने त्यावर सल्ला न देता फक्त प्रश्न विचारायचे, एवढाच नियम. सल्ला देण्याची आपल्याला फार हौस, म्हणून हा नियम पाळायला जड जातो.

१४. गटातले परदेशी सदस्य उत्तरच देत नाहीत. काय करायचं?

आधी कारण शोधा. बहुतेकदा तिथे परीक्षा असते, सुट्टी असते किंवा ते ईमेल आठवड्यातून एकदा बघतात आणि आपली मुलं रात्री अकराला ‘हॅलो??’ पाठवून अपमान झाला म्हणून बसतात. उत्तर किती दिवसांत द्यायचं ते पहिल्या भेटीतच ठरवा. आम्ही ७२ तास ठरवतो.

कधी मात्र जोडीदार खरंच नाहीसा होतो. एकदा तिसऱ्या आठवड्यात पलीकडच्या प्राध्यापकांनी नोकरी बदलली आणि आठ गट तसेच लटकले. तेव्हापासून दोन्हीकडे दोन-दोन प्राध्यापक असल्याशिवाय सुरू करत नाही. आणि एकट्या आपल्या मुलांनाही पूर्ण करता येईल असं काम तयार ठेवतो, नाहीतर त्यांचे अंतर्गत गुण अडकतात.

१५. जात, धर्म, गरिबी यांवर अवघड प्रश्न आले तर? थांबवावं का?

थांबवू नका, पण मुलांना तयारीशिवाय पाठवू नका. “तुमच्याकडे अजून जात पाळतात का?” हा प्रश्न येतोच. वर्गात वेगवेगळ्या समाजांतली मुलं बसलेली असतात. एकाने ‘आता तसं काही राहिलं नाही’ म्हटलं की दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं आहे. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यातच आपल्या वर्गात, मराठीत, हा प्रश्न मीच विचारतो. दोन गोष्टी ठरतात: स्वतःचा अनुभव सांगायची सक्ती कोणावर नाही, आणि देशाची बाजू राखण्यासाठी खोटं बोलायचं नाही.

आपणही विचारू शकतो, हे मुलांच्या लक्षात येत नाही. स्पेनच्या गटाला आमच्या मुलीने रोमा समाजातल्या मुलांच्या शाळागळतीबद्दल विचारलं, तेव्हा बोलणं बरोबरीचं झालं. रोमांचे पूर्वज भारतातून गेले हे तिला त्याच आठवड्यात वाचताना कळलं होतं.

मला वादापेक्षा गोडव्याची भीती जास्त वाटते. सहा आठवडे ‘तुमचे सण किती सुंदर’ असंच चाललं तर समजा, कोणी काही विचारलेलंच नाही.

१६. आमच्याकडे शंभर विद्यार्थी, त्यांच्याकडे अठरा. जमेल का?

सगळ्या शंभरांना नाही. एका परदेशी विद्यार्थ्यामागे आपले दोन, फार तर तीन. त्याहून जास्त झाले की तो एकटा मुलाखत दिल्यासारखा बसतो. एक तुकडी घ्या किंवा एखाद्या अध्यापन पद्धतीचेच विद्यार्थी घ्या. निवड इंग्रजीच्या गुणांवर मात्र करू नका. एका वर्षी मी तशी केली आणि सगळ्यात नीरस गट त्या वर्षी झाले. बाकीच्यांना त्या याद्या, ते प्रसंग आणि ती टाचणं वर्गचर्चेत वापरता येतात.

१७. प्रमाणपत्र मिळतं का? नॅकला दाखवता येईल का?

दोन्ही संस्थांच्या सहीचं साधं प्रमाणपत्र देता येतं. नॅकच्या अहवालात सहकार्याच्या उपक्रमांत नोंदवा, पुरावा म्हणून आराखडा, हजेरी आणि नावं झाकलेल्या चिंतन नोंदी ठेवा. आयक्यूएसीला (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) फोटोच हवे असतात, तेव्हा एका भेटीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, सगळ्यांना विचारून.

१८. एकदा बेतलेला आराखडा पुढच्या वर्षी तसाच चालवता येईल का?

आराखडा चालतो, प्रसंग बदला. मागच्या वर्षीच्या मुलांकडून नव्या मुलांना उत्तरं आधीच कळलेली असतात. ‘शिस्त’ची यादी दुसऱ्या वर्षी दिली तेव्हा ‘वडील’ हा शब्द एकानेही लिहिला नाही. यंदा ‘गृहपाठ’ देऊन बघणार आहे.